लादिनो, जुदेझ्मो आणि सेफार्डी

प्रश्न असा आहे : पुण्याचं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, बांधणाऱ्या ससून घराण्याचा उल्लेख काही ठिकाणी 'सेफार्डी ज्यू' असा होतो, आणि सेफार्डींची भाषा लादिनो असंही वाचायला मिळतं. मग ससून मंडळी लादिनो बोलत होती का?

नाही. ससून बगदादचे, त्यांच्या घरातली भाषा अरबी. ती ते हिब्रू लिपीत लिहीत. गोंधळ होतो तो दोन्ही शब्दांचे अर्थ पसरट झाल्यामुळे.

आधी लादिनो. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना धर्मांतर किंवा देशत्याग, एवढे दोनच पर्याय ठेवले. बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळ जण ऑटोमन (तुर्की) राज्यात, सालोनिका (आजच्या ग्रीसमधलं थेसालोनिकी), इस्तंबूल, इझमीर, सारायेवो इथे स्थिरावले आणि स्पॅनिश बोलत राहिले. पण या बोलीला ते स्वतः जुदेझ्मो, जुद्यो, किंवा नुसतं एस्पान्योल म्हणत. मोरोक्कोत गेलेल्यांच्या बोलीचं नाव आणखी वेगळं, हाकेतिया.

'लादिनो' मुळात धर्मग्रंथांच्या भाषांतराची भाषा. हिब्रू मजकूर शब्दाला शब्द लावून स्पॅनिशमध्ये उतरवायचा, त्या कामाला 'लादिनार' म्हणत. 'ही रात्र' हे हिब्रूत 'ती रात्र ती ही' अशा धाटणीनं येतं, म्हणून वल्हांडण (पासओव्हर) सणाच्या पोथीत 'ला नोचे ला एस्ता' असं छापलेलं असतं. घरात बोलताना कुणीही सरळ 'एस्ता नोचे' म्हणेल. हाइम विदाल सेफिहा या अभ्यासकानं हा भेद फार आग्रहानं मांडला, आणि मला तो पटतो. तरी आज इस्तंबूलपासून इस्राएलपर्यंत बोलणारेच आपल्या भाषेला लादिनो म्हणतात. त्यांना चूक ठरवणारे आपण कोण? पोथीच्या भाषेबद्दल लिहिताना तेवढं स्पष्ट करावं, म्हणजे झालं.

ही बोली म्हणजे मोडकं स्पॅनिश, हा समज मात्र खोडायलाच हवा. तिच्यात पंधराव्या शतकातले उच्चार टिकलेत : पक्ष्याला आजचे स्पॅनिश लोक 'पाखारो' म्हणतात, ही मंडळी 'पाशारो'. रविवारचं स्पॅनिश नाव 'दोमिंगो' म्हणजे प्रभूचा वार, ख्रिस्ती अर्थाचा. म्हणून इथे अरबीतून आलेलं 'अल्हाद'. देवाला 'दिओस' न म्हणता 'एल दिओ', कारण शेवटचा 'स' अनेकवचनासारखा ऐकू येतो, असं सांगतात. वाचणे म्हणजे 'मेल्दार', मूळ ग्रीक. आणि तुर्कीतून आलेला पाहुणा : 'मुसाफिर'! आपल्याकडे तो वाटेवरच राहिला, त्यांच्याकडे घरात आला.

आता सेफार्डी. हिब्रूत 'सेफाराद' म्हणजे स्पेन, तेव्हा मूळ अर्थ आयबेरियातून (स्पेन-पोर्तुगालमधून) आलेल्यांचे वंशज. त्यातही सगळे लादिनो बोलणारे नाहीत, अॅमस्टरडॅमचे सेफार्डी प्रामुख्यानं पोर्तुगीज बोलत. गोव्यात १५३४ साली आलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हाही वंशानं सेफार्डीच. त्याचे आईवडील स्पेनमधून पोर्तुगालमध्ये गेलेले, बाहेरून ख्रिस्ती झालेले. त्याचा औषधींवरचा ग्रंथ (गोवा, १५६३) पोर्तुगीजमध्ये आहे. तो वारल्यावर १५८० साली इन्क्विझिशननं (चर्चच्या धर्मन्यायालयानं) त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

दुसरा, सैल अर्थ प्रार्थनेच्या रीतीचा. बगदाद, हलब (सीरियातलं अलेप्पो), येमेनमधल्या अनेक समाजांनी सेफार्डी परिपाठ कमीअधिक प्रमाणात स्वीकारला, आणि इस्राएलमध्ये तर मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षा वेगळे ते बहुतेक सगळे सेफार्डी, असं बोललं जाऊ लागलं. ससूनना सेफार्डी म्हणतात ते याच अर्थानं. त्याच मापानं मराठी बोलणारे कोकणातले ज्यू, बेने इस्राएलही सेफार्डी ठरतील, आणि तसं लिहिलं की वाचकाला ते स्पेनहून आले असं वाटणार. म्हणून माझी विनंती : ससूनसाठी 'बगदादी ज्यू' लिहा. 'सेफार्डी' वंशासाठी राखून ठेवा, आणि भाषेचं नाव वेगळं सांगा.

सालोनिकात लादिनो बाजारात, गोदीत, वर्तमानपत्रांत चालायची. १९४३ साली नाझींनी तिथल्या जवळपास सगळ्या ज्यूंना आउश्वित्झला नेलं. आज इस्तंबूलहून 'एल आमानेसेर' नावाचं मासिक याच भाषेत, रोमन लिपीत निघतं. ज्यांना वाचून पाहायचंय त्यांनी तिथून सुरुवात करावी. स्पॅनिश थोडं येत असेल तर बरंचसं कळतं.