लाइक भरपूर, देणग्या मात्र नाहीत

स्वयंसेवी संस्थांनी समाजमाध्यमांचा वापर कसा करावा, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमची संस्था मुलांच्या शिक्षणासाठी काम करते. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि एक्स या चारही ठिकाणी दोन स्वयंसेवक नियमित पोस्ट टाकतात. लाइक येतात, ‘खूप छान कार्य’ असं लोक लिहितात. पण पोस्ट वाचून देणगी दिल्याचं वर्षभरात कोणी सांगितलेलं नाही. काय चुकतंय?

बहुधा तुम्ही मागितलेलंच नाही. शेवटच्या वीस पोस्ट काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा : हे वाचून वाचकाने काय करावं अशी आपली अपेक्षा होती? कार्यक्रमाचा वृत्तान्त, पाहुण्यांचा सत्कार, सणाच्या शुभेच्छा यांच्यापुढे लिहायला काही सापडणार नाही. वाचकालाही सापडत नाही, म्हणून तो लाइक देऊन पुढे सरकतो.

‘सढळ हाताने मदत करा’ ही मागणी नव्हे. एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या-पुस्तकांचा खर्च किती, अशी मुलं किती, पैसे कोणत्या तारखेपर्यंत हवेत, हे तीन आकडे पोस्टच्या पहिल्या दोन ओळींत आले पाहिजेत, कारण पुढचा मजकूर ‘आणखी वाचा’खाली दडतो. रक्कम ठरावीक वस्तूसाठी मागितली तर ती त्याच कामी लावावी लागते. म्हणून ‘जास्त जमल्यास पुढच्या तुकडीसाठी वापरू’ हे वाक्य आधीच घालून ठेवा.

मग रस्ता तपासा. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात टाकलेली लिंक दाबून उघडत नाही आणि ती कॉपी करत कोणी बसत नाही. लिंक बायोमध्ये द्या (तिथे पाच लिंक बसतात) किंवा स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावा. नंतर स्वतःच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, फेसबुकच्या अॅपमधूनच ती लिंक उघडा आणि लहानशी देणगी शेवटपर्यंत देऊन पाहा. ऑफिसच्या संगणकावर सगळं सुरळीत चालतं; अडतं ते इथे. अॅपच्या आतल्या ब्राउझरमधून पैसे भरण्याच्या अॅपकडे जाताच येत नाही, किंवा ओटीपी पाहायला बाहेर गेलं की भरलेला फॉर्म पुसला जातो. फॉर्ममध्ये नाव, संपर्क, रक्कम आणि पावतीसाठी कायद्याने लागेल तेवढंच विचारा. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हा रकाना देणगी मिळाल्यानंतरच्या पानावर हलवा.

तिसरी गोष्ट क्रमाची. पहिल्या देणग्या अनोळखी लोकांकडून येत नाहीत. जाहीर आवाहनाच्या तीन-चार दिवस आधी जुने देणगीदार, माजी स्वयंसेवक, विश्वस्तांच्या ओळखीचे असे तीस-चाळीस जण निवडा आणि प्रत्येकाला नावानिशी निरोप पाठवा. उद्दिष्टाचा चौथा हिस्सा जमलेला दिसला की नव्या माणसाला हात पुढे करायला धीर येतो. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरत असाल, तर एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ही दुसरी अट अनेक संस्थांच्या लक्षातच येत नाही. कार्यक्रमात लोकांकडून नुसते नंबर गोळा करू नका. संस्थेचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.

आणि हो, दोन माणसांनी चार माध्यमं सांभाळू नयेत. तुमचे देणगीदार जिथे आहेत ती दोन ठेवा. बाकी दोन ठिकाणची खाती काढून टाकू नका, नाहीतर संस्थेच्या नावाने दुसराच कोणी खातं उघडेल. ‘आम्ही अमुक ठिकाणी भेटू’ अशी पोस्ट तिथे पिन करून ठेवा.

प्रश्न : पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण दाबून दोनदा पैसे खर्च केले. पोस्ट हजारो लोकांपर्यंत गेली, हाती काही लागलं नाही. जाहिरात करूच नये का?

करावी, पण त्या बटणावरून नको. बूस्ट करताना वेगळं काही निवडलं नाही, तर बहुतेक वेळा पोस्टला प्रतिसाद मिळवणं हेच उद्दिष्ट धरलं जातं. मग यंत्रणा सहज लाइक देणारी माणसं शोधते आणि तुम्हाला लाइक आणून देते. तिचं काम तिने चोख केलेलं असतं.

मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी. तिच्या अॅड्स मॅनेजर या जाहिराती चालवण्याच्या साधनात उद्दिष्ट स्वतः निवडता येतं. देणगी हेच उद्दिष्ट ठेवायचं तर संकेतस्थळावर मेटाचा पिक्सेल (पाहुण्याने तिथे काय केलं हे मेटाला कळवणारा छोटा कोड) बसवून ‘देणगी पूर्ण झाली’ ही नोंद तिकडे जायला हवी. इथे लहान संस्थांची अडचण होते. देणगी देणारी माणसं कशी ओळखायची हे यंत्रणेला शिकायला एका अॅड सेटमागे (एकाच प्रेक्षकवर्गासाठीचा जाहिरातींचा गट) आठवड्याला साधारण ५० नोंदी लागतात, आणि तुमच्याकडे पाच येतात. अशा वेळी एक पायरी खाली उतरा : ‘माहिती हवी आहे’ हा छोटा फॉर्म भरणं किंवा देणगीचं पान उघडणं, हे उद्दिष्ट धरा. फॉर्म भरणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी माणसाने फोन करायचा, फॉर्म आठवडाभर पडून राहिला तर त्यावरचा खर्च वाया गेला. तुटपुंजं बजेट पाच अॅड सेटमध्ये वाटू नका. रोज फेरफारही करू नका, मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं. मजकूर एकच ठेवून दोन वेगळी चित्रं आठवडाभर चालवा, एवढी चाचणी पुरते. सुरुवात गेल्या ३६५ दिवसांत तुमच्या पेजशी संबंध आलेल्या लोकांपासून करा.

पर्यावरण, आरोग्य, नागरी हक्क अशा विषयांवरच्या जाहिराती मेटा अनेक देशांत ‘सामाजिक प्रश्न’ या गटात धरते. त्यासाठी जाहिरात देणाऱ्याची ओळख पडताळून घ्यावी लागते आणि पैसे कोणी दिले ही ओळ जाहिरातीवर दाखवावी लागते. याला काही दिवस जातात. मोहिमेच्या आदल्या रात्री जाहिरात नाकारली गेली की धावपळ होते.

समाजमाध्यमांच्या बाहेरचा, पण विचारात घेण्यासारखा एक पर्याय : गुगलची अॅड ग्रँट्स योजना. २००३पासून चालू असलेल्या या योजनेत पात्र संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती मोफत मिळतात. मात्र खात्याचा क्लिकचा दर, म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यांपैकी किती वेळा दाबली गेली, तो ५ टक्क्यांच्या वर ठेवावा लागतो. आधीच काही शोधत असलेला माणूस तिथे सापडतो. म्हणून स्वयंसेवक मिळवायला आणि गरजूंना सेवेपर्यंत आणायला ती जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : मुलांचे चेहरे झाकले तर पोस्ट मनाला भिडत नाही, असं आमचे एक विश्वस्त म्हणतात. काय करावं?

त्यांचं म्हणणं अमान्य करावं. आठ वर्षांच्या मुलाचा ‘आधी उपाशी, आता हसरा’ असा फोटो तो अठरा वर्षांचा झाल्यावरही त्याच्या नावाशी चिकटलेला राहतो. पोस्ट काढून टाकली तरी फॉरवर्ड झालेल्या प्रती परत येत नाहीत.

पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही विचारा. फोटो कुठे वापरणार, किती काळ, आणि संमती मागे घ्यायची तर कोणाला सांगायचं, हे संमतिपत्रावर असू द्या. त्यावर फोटोचा क्रमांकही टाका, नाहीतर दोन वर्षांनी कोणता कागद कोणत्या फोटोचा हे कळत नाही. चेहरा, पूर्ण नाव आणि शाळा या तीन गोष्टी एकत्र कधीच नकोत. गणवेशावरचा बिल्ला आणि मागची पाटी क्रॉप करा. व्हॉट्सअॅपवरून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद तशीच राहते, हेही स्वयंसेवकांना सांगा.

मनाला भिडायला चेहराच लागतो असं नाही. खोडरबराने भोक पडलेलं वहीचं पान किंवा अडखळत वाचणारा आवाज पुरेसा बोलका असतो. व्हिडिओवर मजकुराच्या ओळी जरूर घाला, बरेच लोक आवाज बंद ठेवून पाहतात.

प्रश्न : पेज ज्याने उघडलं तो स्वयंसेवक संस्था सोडून गेला. आता आम्हालाच पेजमध्ये जाता येत नाही.

आधी त्यालाच गोडीने विचारा. सेटिंगमध्ये जाऊन तुमच्यापैकी दोघांना पूर्ण अधिकार देणं हे त्याचं पाच मिनिटांचं काम आहे. तो सापडलाच नाही, तर संस्थेची कागदपत्रं जोडून कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. यापुढे किमान दोघांकडे पूर्ण अधिकार, सर्वांना टू-स्टेप पडताळणी, बॅकअप कोड कार्यालयात कुलपाखाली, आणि कोणी सोडून गेलं की त्याच दिवशी त्याचे अधिकार काढायचे. ‘तुमचं पेज बंद होणार आहे, इथे दाबा’ असा मेसेंजरवरचा निरोप खोटाच समजा.

प्रश्न : विश्वस्तांच्या मासिक बैठकीत कोणते आकडे ठेवावेत?

देणगीच्या पानावर किती जण आले, त्यांतल्या किती जणांनी दिलं, त्यांत नवे किती आणि दुसऱ्यांदा देणारे किती. फॉलोअरची संख्या हवी तर तळाशी लिहा. ४०० जण आले आणि दोघांनीच दिलं, तर पान दुरुस्त करा. २० आले आणि चौघांनी दिलं, तर पान ठीक आहे, माणसं कमी पोचताहेत. कोण कुठून आलं हे कळण्यासाठी प्रत्येक माध्यमावर वेगळा यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची, माध्यमाचं नाव सांगणारी खूण) जोडलेली लिंक द्या. नुसती लिंक व्हॉट्सअॅपवर फिरली, तर संकेतस्थळाच्या आकडेवारीत त्या भेटी बहुधा ‘डायरेक्ट’ (थेट आलेले) या खात्यात जमा होतात आणि श्रेय भलत्यालाच मिळतं.

दुसऱ्यांदा देणाऱ्यांचा आकडा हलत नसेल, तर पोस्ट बदलून उपयोग नाही. पावती त्याच दिवशी जाते का, आणि दीड-दोन महिन्यांनी ‘तुमच्या पैशांतून हे झालं’ असा एक फोटो, पुन्हा काही न मागता, पाठवला जातो का, ते बघा.