स्विफ्टने ऑटोक्रॉसला उतरतोयस? मग एवढं सांभाळ

ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या जागेत प्लास्टिकचे शंकू (कोन) मांडून आखलेल्या वाटेवर घड्याळाविरुद्ध गाडी पळवणं. त्यासाठी गाडी बदलायचा विचार सोड. पेट्रोल स्विफ्ट टनाच्या आत बसते, आणि या शंकूंमधल्या घट्ट वळणांत हलकी गाडी मोठ्या इंजिनाच्या जड गाडीला सहज घाम फोडते.

पण तिचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच. म्हणजे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन टायरांवर, आणि वळणं, ओढणं, ब्रेकचं बरंचसं काम हे सगळं त्यांनीच करायचं. नवखे नेमके इथे फसतात: वळणात जोरात शिरतात, गाडी सरळ बाहेर जायला लागली की स्टिअरिंग आणखी पिळतात, वर रेसही देतात. टायरला दोन्ही झेपत नाही. तेव्हा:

- ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधी. हळू शिर, चाकं सरळ होऊ लागली की रेस दे.
- गाडी बाहेर जातेय? रेस थोडी कमी कर, स्टिअरिंग किंचित सैल सोड.
- वळणाच्या मध्येच पाय झटकन उचलू नकोस. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट सुटते.
- डिकीतलं सामान, स्टेपनी, जॅक काढून ठेव. फुकटात वजन कमी!

ज्याच्या गाडीला मागची चाकं ढकलतात अशा मित्राचं ऐकून रेस देऊन, शेपूट सोडवत गाडी फिरवायला जाऊ नकोस. तुझ्या गाडीत ते होत नाही. सस्पेन्शन, कॅम्बर (चाकांचा आत-बाहेर कल) वगैरे पुढच्या सीझनला बोलू. सध्या पैसे खर्चायचेच असतील तर चांगल्या टायरवर खर्च, आणि प्रत्येक फेरीआधी हवा तपास.