गॉटन असा शब्द खरंच आहे का?

प्रश्न असाय की अमेरिकेतल्या भाच्याने मेसेजमध्ये 'इट हॅज गॉटन कोल्ड' लिहिलं, मामांनी लगेच चूक काढली की गेट-गॉट-गॉट, हे गॉटन कुठनं आणलंस, भाचा म्हणतो इकडे सगळेच असं बोलतात, तर मुळात हा शब्द आहे का.

आहे हो, आणि चांगला जुना आहे. शाळेत आपण ती तीन रूपं घोकली, त्यात फरगेट-फरगॉट-फरगॉटन आणि थोडं खाली गेट-गॉट-गॉट, आणि आपल्याला कधी वाटलंच नाही की फरगेटमधे तोच गेट बसलाय तर एकाला शेपूट आणि दुसऱ्याला का नाही?

तर शेपूट आधी दोघांनाही होतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधे, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्लिश भाषांतरात, पहिली बाई ईव्ह हिला केन हा मुलगा होतो तेव्हा ती म्हणते 'आय हॅव गॉटन अ मॅन फ्रॉम द लॉर्ड'. त्याच शतकात इंग्रज लोक अमेरिकेत जाऊन राहिले, त्यांच्याबरोबर गॉटन पण गेलं आणि तिकडे टिकलं, ब्रिटनमधे मात्र हळूहळू मागे पडलं, फरगॉटन, इल-गॉटन (वाईट मार्गाने मिळवलेलं) असल्या शब्दांत तेवढं उरलं. आपलं शाळेतलं इंग्लिश ब्रिटिश वळणाचं, म्हणून मामांच्या पुस्तकात गॉट-गॉट. म्हणजे मामा ज्याला अमेरिकन फॅड समजतायत ते तिकडे जपून ठेवलेलं जुनं इंग्लिश आहे :)

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. अमेरिकन लोक गॉट टाकून गॉटन वापरतात असं नाहीये, दोन्ही वापरतात आणि आपण 'आहे' आणि 'मिळालं' किंवा 'झालं' यात जो फरक करतो साधारण तसा करतात. 'आय हॅव गॉट अ तिकीट' म्हणजे तिकीट आहे माझ्याकडे, 'आय हॅव गॉटन अ तिकीट' म्हणजे मिळालं, मिळवलं. 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे मला जायलाच पाहिजे, आणि 'आय हॅव गॉटन टू गो' म्हणजे मला जायला मिळालंय, पहिलं मीटिंगला आणि दुसरं ट्रिपला म्हणा हवं तर. ब्रिटिश पद्धतीत दोन्हीकडे गॉटच, ऐकणाऱ्याने संदर्भावरून समजून घ्यायचं. गार झालंय, म्हणजे बदल झालाय, म्हणून भाच्याचं गॉटन कोल्ड एकदम बरोबर.

पण उद्या त्याने 'आय हॅव गॉटन टू ब्रदर्स' लिहिलं तर मामांनी खुशाल कान धरावा, भाऊ 'आहेत', तिथे अमेरिकेतसुद्धा गॉटच लागतं. हॅव-हॅज-हॅड न लावता नुसतं 'आय गॉटन' हेही लिहू नये.

इथल्या शाळेच्या पेपरात मात्र गॉटच लिहा, तपासणाऱ्याला बायबल दाखवायला आपण तिथे नसतो.