ग्लायडरचा रेडिओ: सुरुवातीला एवढंच

परवान्याची धास्ती सोड. अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना रेडिओ ऑपरेटरचा परवाना लागत नाही. कॅनडात जायचं ठरलं की एफसीसीचं (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेचं) परमिट काढ. त्याला परीक्षाही नसते.

नवे लोक खरे चुकतात ते क्लास डी हद्दीपाशी, म्हणजे कंट्रोल टॉवर असलेल्या छोट्या विमानतळाभोवतीच्या हवाई हद्दीपाशी. टॉवरने तुझा कॉल साइन (ग्लायडरची रेडिओवरची ओळख) घेऊन 'थांबा' म्हटलं, तर संपर्क झाला, आत जाता येतं. कॉल साइन न घेता नुसतं 'थांबा' म्हटलं, तर बाहेरच घिरट्या घाल. (आपल्याला नाहीतरी दुसरं काय येतं!)

बाकी:
- बटण दाबण्याआधी ऐक, वाक्य मनात जुळव.
- टॉवर नसेल तिथे विमानतळाचं नाव सुरुवातीला आणि शेवटीही घे.
- बॅटरी आदल्या रात्रीच चार्जिंगला लाव. मी एकदा विसरलो, अख्खी दुपार मुका उडालो.

ट्रान्सपाँडरचं (रडारला आपली ओळख कळवणाऱ्या यंत्राचं) नंतर बघू.