वर्षभराचं सबस्क्रिप्शन की एकदाच परवाना? घरच्या रेकॉर्डिंगचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: गिटार आणि गायन, विंडोजचा ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, आणि घरी रेकॉर्डिंग सुरू करायला बाजूला काढलेली थोडी रक्कम. त्यातली निम्मी एका व्यावसायिक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सगळ्यात वरच्या आवृत्तीच्या वार्षिक सबस्क्रिप्शनला द्यावी का? ‘पुढे तेच लागणार, मग आत्ताच शिकलेलं बरं’ असं तुमचं म्हणणं. माइक सध्या फोनच्या इअरफोनचाच.

माझं उत्तर: आत्ता नको. सबस्क्रिप्शनशी माझं वैर नाही, पण पैसा चुकीच्या टोकाला लागतोय. इअरफोनच्या माइकने घेतलेला आवाज कितीही महागड्या सॉफ्टवेअरमध्ये नेला तरी इअरफोनचाच राहतो. दुसरं कारण निव्वळ हिशेबाचं. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा), बरा माइक, बंद कपांचा हेडफोन या वस्तू दोन वर्षांनी विकल्या तरी काही पैसे सुटतात. संपलेल्या सबस्क्रिप्शनचे सुटतात शून्य. परवानाही विकता येईलच असं नाही, कारण बऱ्याच कंपन्या तो दुसऱ्याच्या नावावर करून देत नाहीत किंवा त्याचे वेगळे पैसे घेतात. म्हणून रकमेचे साधारण तीन चतुर्थांश या वस्तूंना द्या (स्टँड, केबल, पॉप फिल्टर धरून, बजेट फुटतं ते याच किरकोळीत), दहावा हिस्सा सॉफ्टवेअरला, बाकी हातात.

दहाव्या हिश्श्यात काय बसतं? विंडोजवर माझी पहिली पसंती रीपर. साठ दिवस पैसे न भरता सगळ्या सोयींसह चालतं, ट्रॅकवर (एकेका आवाजाच्या वेगळ्या पट्टीवर) मर्यादा नाही, आठ जीबी रॅमला झेपतं. नंतर परवाना ६० डॉलरचा. त्यातून वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा जास्त व्यावसायिक उत्पन्न झालं तर तो २२५ चा होतो. ती वेळ आली तर पैशाची चिंता नसेलच. एकदा घेतलेला परवाना पुढच्या मोठ्या आवृत्तीलाही चालतो. छुपा खर्च मात्र आहे: रीपरसोबत इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असे आवाज घडवणारे इफेक्ट येतात, पण ड्रम किंवा पियानोचे तयार आवाज जवळपास नाहीत. ते मोफत मिळवता येतात, फक्त शोधण्यात दोनेक संध्याकाळी जातात.

‘मोफत’ आणि ‘स्वस्त’ या शब्दांपुढची बारीक अक्षरं मात्र वाचा. प्रो टूल्स इंट्रो मोफत आहे, पण ऑडिओ ट्रॅक आठच. मुख्य आवाज, त्याचं डबल (तेच पुन्हा गायलेलं), हार्मनीचे दोन, गिटारचे डावा-उजवा, बेस, टाळ्या: झाले आठ. नववा सुचला की पैसे. एफएल स्टुडिओची सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्ती बीट बनवायला छान, पण माइकवरून गाणं रेकॉर्ड करायला वरची आवृत्ती लागते; आणि चाचणी आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट खरेदीपर्यंत परत उघडत नाही. ऑडॅसिटी मोफत आहे, एकट्या आवाजाची काटछाट करायला उत्तम, पण की-बोर्डवरून मिडी (आवाज नव्हे, सुरांच्या नोंदी) ड्रम वाजवून गाणं रचायचं असेल तर ती तुमच्यासाठी नाही. मॅक असता तर त्यावर मोफत मिळणारं गॅरेजबँड सांगून मी इथेच थांबलो असतो.

सबस्क्रिप्शन तोलायला एक भागाकार पुरतो: एकरकमी किंमत भागिले महिन्याचा हप्ता. ६० डॉलरचा परवाना आणि समजा १५ डॉलरचा हप्ता, तर पाचव्या महिन्यापासून तुम्ही जास्तीचे भरताय. शिवाय ‘वार्षिक करार, मासिक हप्ता’ असं लिहिलेलं असेल तर मध्येच सोडल्यावर दंड आहे का ते पाहा. बिल परक्या चलनात असेल तर कार्डाचं शुल्क दर महिन्याला वेगळं.

याहून महाग पडतं ते बाहेर पडणं. मुदत संपली की सॉफ्टवेअर सहसा उघडत नाही. मूळ वेव्ह (रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या) फाइली डिस्कवर राहतात, पण कापाकापी, फेड, इफेक्टची सेटिंग्ज प्रोजेक्ट फाइलमध्ये अडकतात. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेगळा वेव्ह म्हणून काढून ठेवा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाला एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो. चार मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं २७५ एमबीच्या आसपास. बाहेरच्या ड्राइव्हवर सहज मावतं.

आता रीपरचे ते साठ दिवस कसे वापरायचे. पहिल्याच दिवशी इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिराने आत-बाहेर नेणारा प्रोग्रॅम) टाका आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. हे राहून गेलं की हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो, आणि माणूस सॉफ्टवेअरला नावं ठेवत महागडं घ्यायला निघतो. रेकॉर्ड करताना बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो स्वतः २.७ मिलिसेकंदांचाच असतो. आवाज तडतडायला लागला तर २५६ करा आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग लावा (म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट हेडफोनमध्ये येतो). मिक्स करताना १०२४ चालतो. गेन (माइकची पातळी) असा लावा की सगळ्यात जोरात गायलेली ओळ मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर धड होत नाही, वरची आवृत्ती असली तरी.

या मुदतीत एक गाणं शेवटपर्यंत झालं तर परवाना घ्या. नाही झालं तर सॉफ्टवेअरवर काहीच खर्च झालेला नाही, आणि माइक विकता येतो. सबस्क्रिप्शनचा विषय परत काढावा तो एकाच कारणाने: तुम्ही ज्यांच्याबरोबर काम करता ते त्याच सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल मागत असतील तर. तेव्हाही एका महिन्यापुरतं घ्या आणि पैसे भरल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करा. बहुतेक ठिकाणी भरलेल्या मुदतीपर्यंत ते चालूच राहतं.