प्रश्नातल्या ‘कशी’ या शब्दाविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावरचे तुझे सरावाचे उत्तर दोनदा वाचले. अक्षर वळणदार आहे, शुद्धलेखनही चोख आहे. परंतु चार पानांपैकी जवळजवळ तीन पाने कथानक सांगण्यात खर्ची पडली आहेत. परीक्षकाने नाटक वाचलेले असते. तुझे मत काय आणि संहितेतल्या कोणत्या जागांमुळे ते बनले, एवढेच त्याला पाहायचे असते.

प्रश्न होता, ‘बेणारेची कोंडी नाटककाराने कशी उभी केली आहे?’ नाटकाची नायिका, शिक्षिका बेणारे हिची कोंडी होते आणि ती अन्यायाची आहे, हे तू मनापासून लिहिलेस. ‘कशी’ मात्र राहूनच गेले. दाराच्या कडीचेच पाहा. नाटक सुरू होते तेव्हाच ही कडी त्रासदायक असल्याचे बोलणे होते, तिच्यात बेणारेचे बोटही सापडते, आणि प्रेक्षक ते सहज विसरून जातो. पुढे सोबतच्या नाटकमंडळींनी गमतीत मांडलेला खटला बेणारेच्या खासगी आयुष्यावर घसरल्यावर ती निघून जाऊ पाहते, तेव्हा तेच दार उघडत नाही. कोंडीची चाहूल तेंडुलकरांनी आधी एका किरकोळ गैरसोयीत दडवली आहे, म्हणून पुढचा प्रसंग अचानक येऊनही उपरा वाटत नाही. असे एक निरीक्षण घेऊन त्याचा प्रश्नाशी असलेला संबंध उलगडणारा परिच्छेद लिहिलास, तर तो तुझ्या तीन पानांना भारी ठरेल.

अवतरणे लांबलचक नकोत. दोन-चार शब्द तुझ्याच वाक्यात गुंफावेत आणि लगेच त्यांवर बोलावे. (टीकाकारांची मते पाठ करून उत्तरात पेरण्याची खोड मलाही होती; गुण वाढले नाहीत, पाने मात्र वाढली.) पार्श्वभूमीचेही तेच. नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले, हे नुसते सांगून काही साधत नाही. अविवाहित शिक्षिकेच्या खासगी आयुष्यावरून तिची नोकरी जाऊ शकते, या नाटकातल्या वास्तवाशी ते साल जोडता आले, तरच लिहावे.

शेवटच्या स्वगताला तू दोनच ओळी दिल्यास, याचे मला वाईट वाटले. बेणारे बोलते तेव्हा बाकीची पात्रे थिजलेली असतात. मग तिचे म्हणणे कोर्टाने ऐकले, की ते फक्त आपल्यापर्यंत पोहोचले? येथे दोन मते संभवतात. दोन्ही मांडून त्यांतले एक सकारण निवडणे, यात तुझी स्वतःची समज दिसेल.

लिहायला बसण्यापूर्वी पाच मिनिटे कच्चा आराखडा कर. सगळे उत्तर पुन्हा लिहू नकोस. कडीवरचा एकच परिच्छेद लिहून रविवारपर्यंत पाठव.

तुझा हितचिंतक