रिक्षाची चाकं वाकडी का दिसतात?

प्रश्न: ताई, मी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, टॅबवर क्रिता या चित्रकलेच्या ॲपमध्ये रिक्षा, एसटी असलं काढत बसतो. पण एका चित्रात अख्खा रविवार जातो आणि शेवटी चाकं वाकडीच दिसतात, गाडी ठोकल्यासारखी. स्टॅबिलायझर फुल ठेवून बघितला तरी तेच. स्पीड कशी वाढवू? (सोलापूरहून एक वाचक)

उत्तर: स्टॅबिलायझर हाताची थरथर घालवतो, तिरकी काढलेली रेष तो फक्त गुळगुळीत तिरकी करून देतो, त्यामुळे तो आधी कमी कर, कारण त्याने हात मागे ओढल्यासारखा होतो आणि उलट वेळच जातो. तुझा खरा घोळ लंबगोलात असणार. चाक समोरून गोल दिसतं, जरा बाजूने बघितलं की लंबगोल दिसतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण तो लंबगोल कलायचा किती हे बरेच जण अंदाजाने ठरवतात आणि बहुतेक वेळा उभाच ठेवून देतात. नियम एकच आहे आणि तो तुला मेकॅनिकलवाला म्हणून लगेच पटेल: लंबगोलाचा आखूड अक्ष ॲक्सलच्या रेषेवर बसला पाहिजे. म्हणून आधी ॲक्सल काढ, आरपार, गाडीचं पत्र्याचं अंग पारदर्शक आहे असं समजून, मग त्याला काटकोनात लांब अक्ष, मग चाक. रिक्षात मागच्या दोन चाकांची ॲक्सलची दिशा एकच, पण पुढचं चाक हँडलबरोबर वळलेलं असेल तर त्याचा ॲक्सलही वळला, म्हणजे त्याचा लोपबिंदू, समांतर रेषा लांबवर जिथे मिळताना दिसतात तो, वेगळा येणार (क्षितिजरेषेवरच, पण दुसऱ्या जागी). पुढचं चाक खोटं वाटतं ते बहुतेक वेळा याच्यामुळे.

क्रितात असिस्टंट टूल आहे ना, हाताला आधार देणाऱ्या मार्गदर्शक रेषा टाकणारं, त्यात लंबगोलाचा असिस्टंट घे, पहिले दोन बिंदू एका अक्षाची टोकं, तिसऱ्याने रुंदी ठरते. मग ब्रशच्या ऑप्शनमध्ये असिस्टंटला स्नॅप (रेष आपोआप त्याला चिकटते) चालू कर आणि एका झटक्यात टायर ओढ. डाव्या-उजव्या दोन लोपबिंदूंचे असिस्टंट कॅनव्हासच्या बाहेर लांब ठेव, दोन्ही कागदात कोंबलेस तर गाडीचा पुढचा कोपरा टोकदार होतो आणि खेळण्यातली वाटते.

आणि फोटोवरून काढत असशील तर फोटो जवळून काढू नकोस. लांब उभा राहा, झूम कर. जवळून काढला की पुढचं चाक उगाच मोठं येतं आणि तू तेच इमानदारीत कॉपी करतोस. मापं चाकातच मोज, म्हणजे आडव्या फोटोत पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे किती चाकं बसतात ते. छोट्या कारमध्ये साधारण तीन बसतात. रिक्षाचं तूच मोजून बघ, एकदा डोक्यात बसलं की परत शोधावं लागत नाही.

प्रश्न: आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये सीएसएमटी स्टेशन काढतेय. कमानी संपतच नाहीत! एकेक काढत बसू का? (डोंबिवली)

उत्तर: अजिबात नको. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची ही इमारत बांधायलाच 1878 ते 1888 अशी दहा वर्षं लागली, आपण तेवढी कशाला घालवायची! एका मजल्याची ओळ आधी वेगळ्या लेयरवर सपाट, अगदी समोरून काढा, एक खिडकी नीट काढून तिच्या कॉप्या. मग सगळी ओळ एकत्र करून ट्रान्सफॉर्ममध्ये डिस्टॉर्ट घ्या आणि चारही कोपरे पर्स्पेक्टिव्ह गाइडवर बसवा, लांबच्या कमानी आपोआप जवळजवळ येतात. रेषा थोड्या धुरकट होतील, म्हणून त्यावर नवीन लेयर घेऊन परत ओढा. पण भिंतीतून पुढे आलेलं काहीही, कोपऱ्यावरचे बुरूज, कमानीची आतली जाडी, घुमट, हे या युक्तीने येत नाही, ते हातानेच करायला लागतं आणि वेळ तिथेच घालवा, कारण इमारत भरीव दिसते ती त्यानेच.

प्रश्न: जेसीबीचा हात दरवेळी वेगळ्याच लांबीचा होतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करून त्यावर गिरवलं तर ती चीटिंग का? (नाशिक)

उत्तर: स्वतः ठोकळे मांडून गिरवलंत तर बिनधास्त करा. दुसऱ्याचं मॉडेल उतरवलं असेल तर लायसन्स वाचा, विशेषतः पैसे घेऊन काम करत असाल तर. पण हाताचं गणित ब्लेंडरशिवायही सुटतं. आधी फक्त पिना काढा, जिथे सांधे फिरतात त्या. हात कसाही वळू दे, एकाच तुकड्यावरच्या दोन पिनांमधलं खरं अंतर बदलत नाही. बदलतो तो हायड्रॉलिक सिलिंडर, आणि त्यातही बाहेरचा जाड नळा तेवढाच राहतो, चकचकीत दांडा तेवढा आतबाहेर होतो. बाजूने दिसणारा जेसीबी घ्या, पिना एका लेयरवर, त्यांना जोडणाऱ्या साध्या रेषा दुसऱ्यावर, आणि बकेटच्या तीन-चार पोझ पटापट काढून बघा, पत्रा आणि नटबोल्ट नंतर.